दुसरी कॉर्नेट

सकाळी टोस्टवर लोण्याचा जाड थर, मग कॅप्सूल.
उपाशीपोटी ती अंगी लागत नाही,
म्हणाल्या होत्या डॉक्टर ओयेलारन.
आईने जन्मभर लोणी खरवडूनच लावलं.
आता माझ्यासाठी अख्खी वडी बाहेर काढून ठेवते
आणि मी खाताना खिडकीतून बघत राहते,
डोंगरउतारावरच्या मेंढ्या मोजायच्या राहिल्यासारखी.

त्याआधी चार वर्षं
उशीच्या अभ्र्यावर रोज एक नकाशा उमटायचा,
पिवळा, तांबूस.
हनुवटीवर गाठी, दाबल्या तर कानापर्यंत ठणका.
क्रीम झाली, अँटिबायोटिक झाली,
मारेड मावशीचं सफरचंदाचं व्हिनेगर झालं.
बँडच्या प्रत्येक फोटोत मी
ट्रम्बोनवाल्या ग्लिनच्या खांद्यामागे.

मग फॉर्म. सह्या.
पोट राहिलं तर बाळाच्या डोक्याचं, हृदयाचं, कानांचं
काय होऊ शकतं, सगळं स्वच्छ अक्षरांत.
म्हणून दर महिन्याला चाचणी.
मला अठरा पूर्ण. माझ्या गालाला अजून
दंतवैद्याशिवाय कुणी हात लावलेला नाही,
आणि मी कागदी कप हातात धरून
दवाखान्याच्या बाथरूममधून बाहेर येते.
नर्स पट्टीवरची रेघ बघते. "नाही," म्हणते,
इतकं हळुवार, की जणू मला वाईट वाटेल.

पहिल्या महिन्यात चेहरा आणखी पेटला.
त्यांनी सांगितलंच होतं.
सांगितलेलं आरशासमोर उपयोगी पडत नाही.
दुसऱ्या महिन्यात ओठ उलले.

आमच्या गावच्या खाणी मी जन्मायच्या आधीच बंद झाल्या.
बँड उरला, कोटांची पितळी बटणं उरली.
मी त्यात दुसरी कॉर्नेट.
वाजत असते तेव्हा कुणाला वेगळी ऐकू येत नाही.
मंगळवारी सरावात, संथ सुरावटीच्या मधोमध,
माउथपीसला लोखंडाची चव आली.
प्रॉसर मास्तरांनी छडी थांबवली,
स्वतःचा रुमाल दिला, धुऊन परत आणू नकोस म्हणाले,
आणि मला मागे ढोलांच्या रांगेत पाठवलं.
ट्रायँगल.
एकशे बारा मात्रा गप्प उभं राहायचं, मग एकदा टिंग.

रात्री आई दाराशी येते.
"मन कसं आहे गं?"
पत्रकात लिहिलंय, घरच्यांनी विचारत राहावं.
बरं आहे, म्हणते मी. ती जात नाही.
नोव्हेंबरात एक आठवडा असा गेला
की कुठलंच गाणं मला शेवटपर्यंत ऐकवेना.
ते कॅप्सूलमुळे, ट्रायँगलमुळे,
की चार वाजताच दरीत उतरणाऱ्या अंधारामुळे,
कोण सांगणार?
डॉक्टरांना सांगितलं मात्र.
त्यांनी लिहिणं थांबवून ऐकलं,
डोस उतरवला, आठच दिवसांनी परत बोलावलं.
रक्त तपासलं. यकृत ठीक, चरबी जरा वर.
(लोणी, म्हणाली आई. मला माहीतच होतं.)

मागच्या शनिवारी बसथांब्यावर चुलतबहीण एलेरी:
"दोनच दे ना. प्रॉमच्या आधी दोनच."
तिच्या कपाळावर चार पुळ्या. मोजल्या मी. चारच.
पाकिटावर पोटुशी बाई, तिच्यावर आडवी लाल काट.
मी पाकीट खिशात खोल सारलं.
"तुझं काय, तुझा झाला ना चेहरा!"
बस आली. ती वरच्या मजल्यावर चढली,
मी खालीच बसले, ड्रायव्हरच्या मागे.
तिची आई अजून माझ्याशी बोललेली नाही.

आता सहावा महिना.
गाल सपाट. खड्डे आहेत, ते राहणार.
उजवा हात अजूनही केस पुढे ओढतो,
कुणी समोर आलं की, न विचारता.
शेवटच्या कॅप्सूलनंतरही महिन्याने एक चाचणी आहे,
तारीख फ्रिजवर चिकटवलीय.

रात्री केसमधून नुसता माउथपीस काढते,
मुठीत धरून गरम करते.
ओठांवर व्हॅसलीन, त्याखाली नवी कातडी,
कांद्याच्या पापुद्र्याइतकी.
अजून नाही लावत.
मुठीतच धरून झोपते.